मूळ रंगाचे मोल

२०१७ सालच्या सप्टेंबर महिन्यात इटलीतील मारानेल्लो या गावी जुन्या मोटारींचा एक लिलाव झाला. फेरारी कंपनीला सत्तर वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने तो भरविण्यात आला होता. विक्रीस आलेल्या लखलखीत गाड्यांमध्ये एक गाडी मात्र धुळीने माखलेली होती. १९६९ साली तयार झालेली, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे अंग असलेली ती '३६५ जीटीबी/४', म्हणजे 'डेटोना' या नावाने ओळखली जाणारी मोटार होती. या धातूच्या अंगाची, रस्त्यावर चालविण्यासाठी बनविलेली ती एकमेव डेटोना. जपानमधील एका गाडीखान्यात सुमारे चाळीस वर्षे ती उभी होती. विक्रेत्यांनी तिला रंग दिला नाही, तिचे आसन बदलले नाही. सापडली त्या धूळकट अवस्थेतच ती ग्राहकांपुढे मांडली. अखेरीस ती १८ लाख ७ हजार युरोंना, म्हणजे त्या वेळच्या दराने तेरा कोटी रुपयांहून अधिक किमतीला विकली गेली.

जुनी वस्तू विकावयाची असेल तर ती आधी घासून-पुसून नवी करावी, हा आपला सर्वसाधारण व्यवहार. मग जेथे पैशाची मोजदाद काटेकोरपणे होते त्या बाजारात धूळ न पुसण्यालाच किंमत का यावी? हा प्रश्न केवळ धनिकांच्या हौसेचा नाही. आपल्या वाड्यांत, कचेऱ्यांत, जिनिंगच्या आवारांत आणि रेल्वेच्या यार्डांत जे जे जुने पडून आहे, त्याच्याशी आपण कसे वागतो याचे उत्तर या प्रश्नात दडलेले आहे. म्हणूनच यवतमाळसारख्या जिल्ह्यात बसूनही त्याचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

'ग्रान तुरिस्मो' म्हणजे काय?

ज्या जातीच्या मोटारींना एवढे मोल येते त्यांना इटालियन भाषेत 'ग्रान तुरिस्मो' म्हणतात. दोघांनी बसावे, थोडे सामान घ्यावे आणि एका दमात शेकडो किलोमीटरचा प्रवास वेगाने तरीही आरामात करावा, यासाठी घडविलेली ही गाडी. शर्यतीच्या गाडीची ताकद आणि दिवाणखान्याची ऊब यांचा तो संयोग होता. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तर इटलीत ही कला भरास आली. सांगाडा आणि इंजिन एका कारखान्याचे, तर अंग पिनिनफारिना, बेर्तोने, झगातो, विन्याले यांसारख्या घडाईवाल्यांचे, अशी कामाची वाटणी असे. कारागीर लाकडी साच्यावर पत्रा हाताने ठोकून आकार देत. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन गाड्यांतही थोडा फरक राहून जाई. यांतील एक प्रख्यात नाव लॅम्बोर्गिनी हे. या कंपनीचे संस्थापक फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हे मुळात ट्रॅक्टर बनविणारे उद्योजक होते, हे वऱ्हाडातील वाचकांस मौजेचे वाटेल. शेतीच्या ट्रॅक्टरांतून मिळविलेल्या पैशाच्या बळावर १९६३ साली त्यांनी मोटारींची कंपनी काढली.

या गाड्या मुळातच थोड्या बनल्या. फेरारीची '२५० जीटीओ' ही मोटार १९६२ ते १९६४ या काळात अवघी ३६ नग तयार झाली. त्यांतील एक २०१८ साली अमेरिकेत ४ कोटी ८४ लाख डॉलरांना विकली गेली. जेथे मूळ वस्तू इतकी थोडी आणि मागणी इतकी मोठी, तेथे नकलेचा धंदा वाढणारच. कमी प्रतीच्या फेरारीचा सांगाडा घेऊन त्यावर जीटीओचे अंग चढविण्याचे उद्योग युरोपात वर्षानुवर्षे चालत आले. परिणामी जाणता ग्राहक पुरावा मागू लागला. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक, कारखान्याच्या नोंदवहीतील तारीख, पहिल्या विक्रीचा कागद, आतल्या बाजूस राहिलेला मूळ रंगाचा पातळ थर, आसनाच्या शिलाईचा मूळ धागा या गोष्टी त्याला चकाकीपेक्षा महत्त्वाच्या वाटू लागल्या. दुरुस्त करून नवी केलेली गाडी डोळ्यांना सुख देते. परंतु त्या नूतनीकरणात तिची निम्मी साक्ष पुसली जाते. न छेडलेली गाडी कुरूप दिसेल, पण तिच्या अंगावरचा प्रत्येक ओरखडा तिच्या आयुष्याचा दस्तऐवज असतो.

याची दोन उदाहरणे बोलकी आहेत. फ्रान्सच्या पश्चिम भागात रोजे बायोँ नावाच्या वाहतूक व्यावसायिकाने संग्रहालय उभारण्याच्या स्वप्नापायी अनेक मोटारी जमविल्या होत्या. सत्तरीच्या दशकात धंदा बसला, काही गाड्या विकाव्या लागल्या आणि उरलेल्या सुमारे साठ गाड्या शेतावरील पडव्यांत गंजत राहिल्या. त्यांत फेरारी '२५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर' ही एक मोटार जुन्या मासिकांच्या ढिगाखाली दबून गेली होती. २०१५ सालच्या फेब्रुवारीत पॅरिसच्या लिलावात तिला १ कोटी ६३ लाख युरो, म्हणजे शंभर कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. दुसरे उदाहरण २०२३ सालचे. १९६०च्या दशकात जळून गेलेल्या फेरारी '५०० मोंदिआल' या शर्यतीच्या गाडीचा केवळ चुरगळलेला पत्रा आणि सांगाडा उरला होता. त्याला अमेरिकेत १८ लाख ७५ हजार डॉलर मिळाले. ग्राहकाने तेथे लोखंड विकत घेतले नाही. त्याने क्रमांक आणि कुळी विकत घेतली.

अर्थात या किमतींत सट्ट्याचा अंश आहे आणि तो मोठा आहे. जमीन, सोने आणि चित्रे यांप्रमाणेच जुन्या मोटारीही श्रीमंतांच्या पैशाचे आश्रयस्थान झाल्या आहेत. परंतु सट्टा वजा केला तरी मागे एक विचार शिल्लक राहतो. अमेरिकेतील पेबल बीच येथील मोटारींचे प्रदर्शन जगात सर्वांत प्रतिष्ठेचे मानले जाते. तेथील सर्वोच्च पारितोषिक अनेक दशके आरशासारख्या चकाकत्या, नव्याने सजविलेल्या गाड्यांनाच मिळत असे. २०२४ साली प्रथमच ते एका न दुरुस्त केलेल्या गाडीला मिळाले. १९३४ सालची ती बुगाटी एकेकाळी बेल्जमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्या मालकीची होती. त्यापूर्वी, इटलीतील तुरिन शहरी, ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने एक सनद संमत केली होती. वाहन हा मानवी संस्कृतीचा ठेवा असून त्यात कमीत कमी हस्तक्षेप करावा, जे बदलावे लागेल त्याची नोंद ठेवावी आणि जतन शक्य असेल तेथे नूतनीकरण करू नये, असा त्या सनदेचा आशय आहे.

कुर्ल्याची इटालियन मोटार

हे सारे परदेशातले, आपला त्याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो बराच जुना आहे. ज्या तुरिन शहरात ही सनद संमत झाली त्याच शहरातील फियाट कंपनीची मोटार जवळजवळ अर्धशतकभर मुंबईच्या कुर्ला येथे तयार होत होती. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. विमान आणि जहाज यांचे कारखाने काढणाऱ्या या गृहस्थांनी देशी मोटारीचे स्वप्न महायुद्धाच्या आधीपासून जोपासले होते आणि परकी सरकारने त्याला साथ दिली नव्हती. आरंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी झाली आणि पन्नाशीच्या दशकात फियाटशी संबंध जुळला. ज्यांना येथे प्रत्यक्ष उत्पादन करावयाचे नव्हते अशा परदेशी जुळणीदारांनी सरकारच्या नव्या धोरणानंतर याच सुमारास आपले बस्तान गुंडाळले. फियाटची कुर्ल्याची मोटार मात्र हळूहळू देशी होत गेली.

दांते जाकोझा या अभियंत्याच्या देखरेखीखाली तयार झालेली 'मिलेचेंतो', म्हणजे अकराशे क्रमांकाची ही मोटार १९५३ साली युरोपात अवतरली. तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. तिचीच एक वेगवान आवृत्ती 'तुरिस्मो वेलोचे' या नावाने निघाली आणि तिच्या सांगाड्यावर पिनिन फारिनासारख्या घडाईवाल्यांनी दोन आसनी देखण्या गाड्या बांधल्या. म्हणजे ज्या घराण्यातून 'ग्रान तुरिस्मो' जन्मल्या त्याच घराण्याची ही गरीब, संसारी बहीण. भारतात ती फियाट म्हणून आली, १९७२ साली 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ साली 'प्रीमियर पद्मिनी' झाली. कागदावर नाव काहीही असो, लोकांच्या तोंडी ती अखेरपर्यंत फियाटच राहिली.

आजच्या विद्यार्थ्याला कल्पना येणार नाही, पण त्या काळी मोटार ही पैसे देऊन लगेच मिळणारी वस्तू नव्हती. ॲम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढ्या तीनच नावांत निवड संपत असे. उत्पादनावर परवान्याचे बंधन होते, किमतींवर सरकारचे नियंत्रण होते आणि नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. जिल्ह्याच्या गावी फियाट असे ती एखाद्या डॉक्टरांकडे, नामांकित वकिलांकडे, नाहीतर कापसाच्या व्यापाऱ्याकडे. मुंबईत तीच गाडी काळ्या-पिवळ्या रंगात सामान्यांची टॅक्सी झाली. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सींना वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी त्या शहराच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे नाहीशी झाली. निदान एक तरी टॅक्सी जतन करावी, अशी मागणी त्या वेळी मोटारप्रेमींनी केली. लाखोंनी ज्या गाडीतून प्रवास केला, तिची एक प्रत राखून ठेवण्यासाठी शेवटच्या दिवशी मागणी करावी लागावी, यातच आपली वृत्ती दिसून येते.

पंधरा आणि पन्नास यांमधील दरी

आता कायद्याकडे वळू. २०२१ सालच्या जुलै महिन्यात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुन्या मोटारींच्या नोंदणीचे नियम प्रसृत केले. पन्नास वर्षांहून अधिक वयाची, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, अंग व इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीस २० हजार रुपये व पुनर्नोंदणीस ५ हजार रुपये शुल्क ठरले. नोंदणी दहा वर्षांची असते आणि क्रमांकाच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी वा धंद्यासाठी चालविता येत नाही. प्रदर्शन, संचलन, तांत्रिक संशोधन, देखभाल अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. हे नियम स्वागतार्ह आहेत. 'मूळ स्वरूप' हा शब्द त्यांत आला, हे विशेष स्वागतार्ह आहे.

परंतु या चित्राची दुसरी बाजू पाहावयास हवी. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झाले आणि २०२५ साली वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते आणखी वाढविण्यात आले. महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आहेच. २०२१ सालीच जाहीर झालेल्या भंगार धोरणानुसार जुनी गाडी मोडीत काढणाऱ्यास नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. म्हणजे कायदा पन्नास वर्षांच्या गाडीला मान देतो, पण पंधरा वर्षांच्या गाडीला पन्नाशीपर्यंत पोहोचणे अवघड करून ठेवतो. या पस्तीस वर्षांच्या दरीत धनिकाची गाडी टिकते, कारण तिला गॅरेज असते, मिस्त्री असतो आणि शुल्क भरण्याची ऐपत असते. निवृत्त मुख्याध्यापकाने जपलेली फियाट मात्र याच दरीत नाहीशी होते. आंतरराष्ट्रीय महासंघ तीस वर्षांचे वाहन ऐतिहासिक मानतो. आपण तीस ते पन्नास या वयाच्या, क्वचितच चालविल्या जाणाऱ्या आणि मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी एक मधली पायरी ठेवली, तर प्रदूषणात नगण्य भर पडेल आणि ठेवा मात्र वाचेल.

हा विचार आजच करण्याचे कारण म्हणजे पद्मिनी या नावाने निघालेल्या पहिल्या गाड्यांना २०२४ साली पन्नास वर्षे पूर्ण झाली. कालपर्यंत भंगारात जमा होणारी ही मोटार आता कायद्याच्या दृष्टीने व्हिंटेज ठरू लागली आहे. यापुढे मोठ्या शहरांतील ग्राहक आणि दलाल लहान गावांकडे वळले तर नवल नाही. गाडी विकावी की न विकावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण आपल्या दारी काय उभे आहे हे ठाऊक नसताना ती किलोच्या भावाने देणे हा अज्ञानाचा सौदा होईल. त्याहून मोठा घात नकळत केलेल्या सजावटीने होतो. विक्रीपूर्वी गाडीला लांबी भरून झगझगीत रंग मारला, जुने मीटर काढून नवे बसविले, इंजिन बदलून डिझेलचे टाकले की तिचे 'मूळ स्वरूप' संपले आणि त्याबरोबर कायद्याने दिलेला अधिकारही धोक्यात आला. रंग दहा वेळा देता येतो, पण कारखान्यातला पहिला रंग एकदाच लागतो.

या जिल्ह्यास हे ऐकवावे काय?

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकून घ्यावयास हवा. यवतमाळ हा कापसाचा आणि कापूस उत्पादकाच्या कर्जाचा जिल्हा आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे त्याचे नाव देशभर झाले. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्या सहांत यवतमाळ होता. अशा ठिकाणी कोट्यवधींच्या फेरारीच्या गोष्टी सांगणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? थट्टा ठरली असती, जर येथे सरकारी पैशातून मोटारी जपाव्यात असे कोणी म्हणत असते. तसे म्हणणे नाही. परंतु गरीब प्रदेशाला स्मृतीची गरज नसते, हा समजही तितकाच क्रूर आहे. ज्याच्याजवळ थोडे आहे त्याने ते अधिक डोळसपणे राखावयास हवे. कारण गेल्यावर ते पुन्हा विकत घेण्याची ऐपत त्याच्याजवळ नसते.

आणि हा जिल्हा जतनाच्या विद्येला अनोळखी आहे, असेही नाही. यवतमाळचे डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनी शारदाश्रमाच्या द्वारे महानुभाव पंथाच्या हस्तलिखितांचा संग्रह केला आणि त्या वाङ्मयाचा अभ्यास महाराष्ट्रापुढे मांडला. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्या नकलकाराने जुना, अवघड शब्द काढून तेथे सोपा, नवा शब्द घातला त्याने पोथी वाचनीय केली, पण पुरावा नष्ट केला. म्हणून संशोधक सुबक नव्या प्रतीपेक्षा कसर लागलेली जुनी प्रत पसंत करतो. मारानेल्लोच्या ग्राहकाने धुळकट मोटारीला तेरा कोटी मोजले, त्यामागचा विवेक याहून निराळा नाही. पोथीच्या बाबतीत जो विवेक यवतमाळने शंभर वर्षांपूर्वी दाखविला, तो यंत्राच्या बाबतीत मात्र आपण दाखविला नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि तेथून अचलपूर अशी धावणारी 'शकुंतला' ही अरुंद मार्गाची गाडी. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यवसायगृहाच्या व्यवस्थापनाखालील खासगी कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या मार्गाने मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जावा यासाठी हा मार्ग टाकला. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन सत्तर वर्षांहून अधिक काळ ही गाडी ओढीत होते. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. गेल्या दशकात गाडीही थांबली. रुंद मार्गाच्या घोषणा झाल्या, आंदोलने झाली. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या रुंद मार्गापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. नवा मार्ग हवाच. त्याविषयी दुमत नाही. परंतु जुन्या मार्गाची स्थानके, खांब, सिग्नलचे दिवे, तिकिटांची कपाटे, नोंदवह्या यांचे काय करावयाचे, हा प्रश्न कोणाच्याही घोषणेत नाही. युरोपात अशा मार्गावर एक डबा जसाच्या तसा उभा करून शाळेच्या मुलांना त्यात बसविले असते आणि कापूस येथून कोठे गेला व पैसा कोठे राहिला, हे अर्थशास्त्र एका तासात शिकविले असते.

कायदाही येथे अपुरा आहे. १९७२ च्या पुरावशेषविषयक अधिनियमात वस्तू शंभर वर्षांची आणि हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांचे असावे लागते. त्यामुळे मूर्ती, नाणे, पोथी यांना संरक्षण मिळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील यंत्रे, ज्यांनी आपल्या आईबापांचे आयुष्य प्रत्यक्ष घडविले, ती या व्याख्येत बसत नाहीत. ती शंभर वर्षांची होतील तेव्हा संरक्षण द्यावयास एकही उरलेले नसेल. १५ वर्षांवरील सरकारी वाहने १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीतून बाद ठरत आहेत. कचेऱ्यांच्या आवारांत जुन्या जीपगाड्या उभ्या असतात; त्या भंगारात जातील, जावोत. पण ज्या जीपने दुष्काळातील कामांवर फेऱ्या घातल्या, कुटुंबकल्याणाच्या शिबिरांना माणसे नेली, तिची एखादी प्रत तिच्या लॉगबुकासह जिल्ह्यात राहावयास हरकत काय?

काय करता येईल?

मोठ्या निधीची गरज नसलेल्या चार गोष्टी सुचविता येतील. पहिली, परिवहन कार्यालयांतील जुन्या नोंदवह्या रद्दीत न जाऊ देता जिल्हा अभिलेखागारात सुरक्षित ठेवाव्यात. आज 'एमएच २९' हा यवतमाळचा क्रमांक संगणकावर क्षणात सापडतो. त्यापूर्वीच्या वाहनांची कुळी मात्र कागदी वहीतच आहे आणि वही गेली की गाडी निनावी झाली. दुसरी, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रनिकेतन यांतील विद्यार्थ्यांनी जिल्ह्यातील जुनी वाहने, जिनिंगची यंत्रे, छापखान्यांतील यंत्रे यांची पाहणी करून छायाचित्रांसह सूची करावी. जुन्या मिस्त्रींच्या हातची विद्याही त्यांच्या हयातीतच लिहून घ्यावी. कार्ब्युरेटर कानाने जुळविणारा, पत्रा हाताने ठोकून सरळ करणारा माणूस आता शोधावा लागतो. तिसरी, रेल्वेने शकुंतलेच्या मार्गावरील निदान एक स्थानक आणि त्यातील साहित्य आहे तसे राखावे. रंग मारून त्याचे उपाहारगृह करू नये. जसे आहे तसे राखावे. चौथी, केंद्र सरकारने तीस वर्षांवरील मूळ स्वरूपातील वाहनांसाठी वेगळे, सवलतीचे नोंदणीशुल्क ठेवण्याचा विचार करावा.

आणि ज्यांच्या घरी खरोखरच एखादी जुनी गाडी असेल, त्यांनी ती आधी कोरड्या जागी ठेवावी, आर. सी. बुक, विम्याचे कागद, पहिल्या खरेदीची पावती, गाडीसोबत घेतलेले कुटुंबाचे छायाचित्र एकत्र करावे, सांगाड्याचा आणि इंजिनाचा क्रमांक कागदाशी ताडून पाहावा आणि जाणत्या माणसाचा सल्ला घेईपर्यंत रंगाऱ्यास बोलावू नये. तिला कोट्यवधी मिळणार नाहीत. पद्मिनी म्हणजे फेरारी नव्हे. ती शेकड्यांनी नव्हे, हजारोंनी बनली. परंतु जी वस्तू पुष्कळ असते तीच सर्वांत आधी नाहीशी होते, कारण ती कोणीच जपत नाही. राजेरजवाड्यांच्या मोटारी संग्रहालयांत पाहावयास मिळतात; मध्यमवर्गाने दहा वर्षे वाट पाहून घेतलेली मोटार मात्र शोधावी लागते.

जुने जपणे म्हणजे जुन्यात रमणे नव्हे. नवी रेल्वे यावी, नवी वाहने यावीत, हवा स्वच्छ राहावी, या इच्छांशी या म्हणण्याचा विरोध नाही. विरोध आहे तो दोन टोकांच्या सवयींना: एक, जे जुने ते भंगार मानण्याची; आणि दुसरी, जे जुने ते नव्यासारखे चकाकविण्याची. भंगारवाला वस्तू नेतो, रंगारी तिची साक्ष नेतो. यांच्या मधला मार्ग, म्हणजे आहे ते ओळखणे, त्याची नोंद करणे आणि शक्य तितके न छेडता ठेवणे, हा खर्चाचा नसून समजुतीचा आहे. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्या हाती तिजोरी नसते, पण नोंदवह्या, शाळा आणि घरे असतात. या मार्गास आरंभ करावयास तेवढे पुरेसे आहे.